साहेबांच्या पायाला चिखल लागू नये म्हणून

पहिलं नाव शेवंताकाकीचं. ती नसती तर हे लिहायला मीच राहिलो नसतो.

अंकवाल्यांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, माझं काम म्हणजे माणसं या तडीवरून त्या तडीवर नेणं, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? शिवाय शिक्षण सातवी, तीही अर्धी. आईबाप ऊसतोडीला निघाले की मीही जायचो आणि शाळा मागं राहायची. एका वर्षी ती कायमचीच मागं राहिली. तेव्हा चुका दिसल्या तर पोटात घाला. आमच्या शाळेतल्या बाईंनी काना-मात्रा तपासून दिलेत, पण त्यांनाही होडी गाठायची होती.

मी मूळचा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. आमच्याकडं पाणी टँकरमधून येतं आणि हंड्यात राहतं. कुणाची राखण नसलेलं एवढं मोकळं पाणी मी पहिल्यांदा मालवणच्या बाजूला आलो तेव्हा बघितलं आणि मला घाम फुटला. पोहता येत नव्हतं. आताही खरं म्हणजे येत नाही, हातपाय मारता येतात इतकंच. माझ्या होडीत बसणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून तर ते म्हणतात, म्हादू कधी होडी बुडवायचा नाही, त्याला स्वतःचीच भीती वाटते.

खाडीच्या मधोमध जे बेट असतं त्याला इथं जुवा म्हणतात. आमचा तो मधला जुवा. माड, थोडी भातजमीन, कौलारू घरं, चौथीपर्यंत शाळा आणि टोकाला देवचाराची जागा. देवचार म्हणजे बेटाचा राखणदार. बाकी दवाखाना, बाजार, रेशन, एसटी सगळं पलीकडच्या तडीला. मी तिथं एका टोळीबरोबर विजेच्या केबलचा चर खणायला आलो होतो. काम अर्ध्यावर असताना मला ताप भरला. इथल्या पाण्याचिखलातला तो ताप माणूस घेऊन जातो, हे मला मागाहून कळलं. टोळी पुढच्या कामावर गेली. मुकादम म्हणाला, बरा झालास की ये. मी शाळेच्या पडवीत पडून राहिलो. कुठल्या घरात विचारायची हिंमत नव्हती.

शेवंताकाकी तिची गाय शोधत तिकडं आली. मला बघून उभी राहिली.

"कोणाचो रे तू?"

कोणाचा म्हणून सांगायचं? मुकादमाचा तर उरलो नव्हतो.

"गाय नाय गावली, ह्यो गावलो," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं दोघांना हाक मारून मला होडीत घातलं, पलीकडं दवाखान्यात नेलं आणि बरा होईपर्यंत तिथंच बसून राहिली. आल्यावर तिच्या पडवीत मला जागा दिली, सकाळ-संध्याकाळ पेज दिली. तिचा नवरा वारलेला, मुलगी आरोंद्याला दिलेली. मी तिला 'तुम्ही' म्हणालो तर हसायला लागली. "तुमी खंयची? मी येकटीच आसंय हंय." तेव्हापासून 'तू'च म्हणतो, तसंच इथंही लिहितो.

चालता यायला लागल्यावर मी म्हणालो, काकी, आता निघतो. तिनं मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, उपडी ठेवलेली नवऱ्याची होडी दाखवली. "ही आसा. बघ, जमता काय." जुव्यावरचा जुना तरवाला, म्हणजे ने-आण करणारी होडी, 'तर', चालवणारा, थकला होता, नवा कुणी मिळत नव्हता. इथली तरणी पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला. अशा रीतीनं पाण्याला घाबरणारा माणूस तरीवर बसला.

आता धंद्यातली एकच गोष्ट सांगतो, ती कळली की पुढचं सगळं कळेल. खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते. भरणं म्हणजे भरती, रिकामी होणं म्हणजे सुकती. वेळ रोज पुढं सरकते. पुनवेला आणि अवसेला भरती भर दुपारी येते आणि संध्याकाळी खाडी अशी सुकते की तळ दिसतो. खोल पाण्याची धार पलीकडच्या तडीला चिकटून आहे. जुव्याच्या बाजूला सगळा गाळ. भरतीला बघाल तर आमचा धक्का पाण्याला टेकलेला, होडी पायरीला लागलेली, आरशासारखं पाणी, फोटो काढावा असं. सुकतीला बघाल तर तोच धक्का कोरड्यात उभा आणि त्याच्या पुढं होडीपर्यंत नुसता चिखल. गुडघ्याएवढा, कुठं मांडीएवढा. आत कालवांच्या शिंपा, सुरीसारख्या. पिशवी डोक्यावर, चपला हातात, पोर खांद्यावर, असं चालत होडीपर्यंत यायचं. रोजचं.

तुम्ही म्हणाल, मग भरतीलाच ये-जा करा. दवाखाना सकाळी उघडतो आणि भरती दुपारी असते. दुसऱ्या आठवड्यात भरती सकाळी असते तर डॉक्टर नसतात. एसटी, बाजार, दवाखाना आणि चंद्र या चौघांचं एकमत झालेलं मी अजून बघितलेलं नाही.

त्या चिखलात काकीचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. काठी घेऊन ती चालायला लागली. पण पाय दाखवायला परत बोलावलं होतं तेव्हा दवाखान्यात उशीर झाला आणि आम्ही परतलो ते सुकतीला. तिला चालवणं शक्य नव्हतं. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. मध्येच एकाचा पाय रुतला, खुर्ची कलंडली आणि काकी चिखलात पडली. लागलं नाही फार. पण लुगडं, केस, तोंड सगळं चिखल. आणि धक्क्यावर अख्खा जुवा बघत उभा. घरी आल्यावर, आंघोळ झाल्यावर काकी म्हणाली, "म्हादू, आयक. आता माका चार जणांनी उचलूचा तां येकदाच. तेच्या आदी नाय."

त्यानंतर ती जुवा सोडून गेली नाही. दवाखान्यात नाही, मुलीकडं नाही. भरतीला नेतो म्हटलं तर म्हणते, "न्हेशील रे. पण परत येताना?" पाय आखडत चालला होता. मुलगी येऊन रडून गेली. मला रात्रंदिवस काळजी. माझी आई फोनवर विचारायची, तुझ्या काकी कशा आहेत. मग मी फोन काकीच्याच हातात द्यायचो. आई आमच्या बोलीत बोलायची, काकी मालवणीत. एकीचं दुसरीला अर्धं कळत नव्हतं, पण दोघी भरपूर बोलायच्या.

तर आमची मागणी काय, तर धक्का धारेपर्यंत वाढवा. पुलाचं म्हणाल तर पूल मागून एक पिढी म्हातारी झाली; जुव्यावर माणसं कमी, असं उत्तर यायचं. म्हणून तात्यांनी ठरवलं की आपण लहान मागू, पण मिळवू. तात्या म्हणजे आमच्या जुवा समितीचे अध्यक्ष. मुंबईला गोदीत नोकरी करून आलेले, पांढरा इस्त्रीचा शर्ट, कुणाशी वाकडा शब्द नाही. दर महिन्याला कचेरीत जायचे. चिखलातून जायचे, पलीकडं नळावर पाय धुवायचे, पिशवीतली इस्त्रीची पँट चढवायचे आणि मग साहेबांपुढं जायचे. मी एकदा म्हणालो, "तात्या, असेच जा की. चिखलाचे पाय घेऊन."

"असोच?" ते म्हणाले. "कचेरीत? लोक काय म्हणतले?"

त्यांच्या चिकाटीला तोड नव्हती, हे मान्य. पाहणीला साहेब यायला तयार झाले. आणि तिथून माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

साहेब कधी येणार हे ठरवायच्या आधी तात्या माझ्याकडं आले. "म्हादू, त्या दिवशी भरती कितक्या वाजता?" मी सांगितली. त्यांनी बरोबर तीच वेळ साहेबांना दिली. होडी धुतली, आत खुर्ची ठेवली, खुर्चीवर चादर. साहेब भरल्या खाडीतून आले, पायरीवर बूट टेकवून उतरले, शहाळं प्यायले, काकीकडं कोंबडी-वडे जेवले, आणि पाणी उतरायच्या आत परत गेले. जाताना म्हणाले, "काय सुंदर जागा आहे हो! आणि धक्का तर चांगला आहे की." काही महिन्यांनी उत्तर आलं की सध्याची सोय पुरेशी आहे.

दुसऱ्या वेळी मॅडम आल्या. पुन्हा भरती, पुन्हा खुर्ची, पुन्हा चादर. त्यांनी सोलकढी दोनदा मागून घेतली आणि विचारलं, "तुम्ही इथं पर्यटकांसाठी राहायची सोय का करत नाही?" सगळे खूश. मी एकटा कपाळाला हात लावून होडीत.

मॅडम गेल्यावर मी तात्यांना गाठलं.

"तात्या, पुढच्या वेळी साहेबाला सुकतीला आणू."

"सुकतीक?" तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवचाराच्या जागेवर थुंकलो. "पिसो झालंस काय? पावण्याक चिकलात उतरवतलंस?"

"अहो, आपण रोज उतरतो की!"

"आमी उतरतोंव. आमी काय पावणे?"

"पण चिखल दाखवायलाच तर बोलावताय ना त्यांना?"

"दाखवूचो आसा. लावूचो नाय."

बाजूला बसलेल्या एकानं टोमणा मारलाच: "तेच्या घाटार चिकलाकय पाणी नाय. तेका काय कळतला!" सगळे हसले. मीही हसलो. परक्या गावात राहणाऱ्या माणसाला हसावं लागतं.

मनात आलं होतं, वेळच चुकीची सांगावी. पण तरवाल्यानं एकदा भरतीची वेळ खोटी सांगितली की त्याच्या होडीत पुढं कोण बसणार? तेवढं एकच तर माझ्याकडं आहे, लोकांचा विश्वास. काकीकडं गाऱ्हाणं मांडलं तर तीही तात्यांच्याच बाजूची. "खरां आसा तेंचा. दारात इल्या माणसाक चिकलात घालूचा बरां नाय."

"काकी, तुझ्या पायासाठी ओरडतोय मी."

"माझो पाय माझो आसा. पावण्याचो पाय पावण्याचो."

तिसऱ्या खेपेला नवीन इंजिनिअर साहेब येणार असं ठरलं. दिवस पौर्णिमेचा. म्हणजे भर दुपारी उधाणाची मोठी भरती, तात्यांना तर सणच. सकाळी सगळे धक्क्यावर जमले आणि तात्यांनी देवचाराला गाऱ्हाणं घातलं. इथं कुठलंही काम काढलं की देवाला असं मोठ्यानं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी होकार भरायचा. मालवणीत 'हाड' म्हणजे 'आण', एवढं आधीच सांगून ठेवतो.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या जुव्यावरची सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो सायब येता हा, तेका सुखरूप हाड, सुखरूप धाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पायाक वायचसोय चिकल लागाक देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," मी होडीतून पुटपुटलो. काकी काठी टेकून माझ्या जवळच उभी होती. तिनं ऐकलं. आणि मला विचारलं, "आज पाणी खंयसर सुकतला रे?"

"पौर्णिमा आहे. साफ. चारनंतर धक्क्यापाशी होडी राहणार नाही."

"बरां," ती म्हणाली आणि काठी टेकत घरी गेली. मला वाटलं, जेवण वेळेत उरकायचं म्हणून विचारते आहे.

साहेब आले. वयानं लहान, बोलायला मऊ. होडीत माझी बोली ऐकून म्हणाले, "तुम्ही इकडचे वाटत नाही."

"आष्टीचा, साहेब."

"काय सांगता! मी करमाळ्याचा." मग काय, घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. इंजिनाच्या आवाजातही आम्ही ज्वारीच्या भाकरीबद्दल बोलत राहिलो. बूट नवे होते त्यांचे, तपकिरी. मला उगाच त्या बुटांची काळजी वाटली.

त्यांनी धक्का बघितला, मोबाईलमध्ये फोटो काढले. भरल्या पाण्यात धक्का नेहमीसारखाच ऐटीत. तात्या हात लांब करून सांगत होते, "सुकतीला हे पाणी तिकडे जातं बरं का साहेब, तिकडे." साहेबांसमोर तात्या शुद्ध बोलतात. साहेब मान हलवत होते. पण तिकडे म्हणजे कुठे? नुसतं पाणीच पाणी. मलासुद्धा ते खोटं वाटलं असतं.

मग सगळे काकीच्या पडवीत जेवायला बसले. आणि तिथं जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही.

एरवी साहेब यायच्या आत काकीचं सगळं तयार असायचं. त्या दिवशी चूल नुकतीच पेटलेली. "बसा हां साहेब, गरम गरमच वाढतंय," म्हणाली. कोंबडीचं सुकं झालं तर वडे नाहीत. वडे आले ते एकेक. ती एक वडा थापायची, तळायची, काठी टेकत बाहेर आणून साहेबांच्या ताटात वाढायची, मग आत जाऊन दुसरा थापायची. कुणी मदतीला गेलं तर, "बस थंय, माझ्या चुलीकडे येव नको!" साहेब भिडस्त, नाही म्हणेनात. मग भात, तोही नंतर चढवलेला. मग सोलकढी. मग "वायच बसा, खाजां हाडतंय," म्हणून गुळाचं खाजं. मग शहाळं, पण माडावर चढणारा माणूस नेमका सापडेना, त्याला काकीनंच कुठंतरी धाडला होता हे मला नंतर कळलं.

मी पडवीच्या कडेला बसून खाडीकडं बघत होतो. पाणी फिरलं. पायरी उघडी पडली. मग दुसरी. मी मुकाट्यानं गेलो, होडी धारेपर्यंत नेऊन ठेवली आणि चिखलातून चालत परत आलो. तात्यांना घाम फुटलेला. ते मला डोळ्यांनी खुणा करत होते, मी त्यांना हातानं.

"शेवंते," ते शेवटी आत जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, "पाणी जाता गो!"

"जावंदे. परत येतला," काकी म्हणाली. "सायबाक आदी काफी पिवंदे."

आणि ती बाहेर येऊन साहेबांसमोर बसली आणि आपल्या लग्नाची गोष्ट सांगायला लागली. नवरी होडीतून कशी आली, वरातीची होडी कशी गाळात रुतली. साहेब रमून ऐकत होते. मला मात्र तेव्हा कुठं उमगलं. मघाशी धक्क्यावर विचारलेला प्रश्न जेवणासाठी नव्हताच.

साहेब उठले तेव्हा ऊन उतरत होतं. आम्ही धक्क्यावर आलो. शेवटच्या पायरीच्या पुढं चिखल, त्याच्या पुढं चिखल, लांबवर माझी होडी. बगळे चालत होते.

"होडी तिकडे का?" साहेबांनी विचारलं.

तात्या रडायच्या बेताला आलेले. "साहेब, क्षमा असावी. आमच्याकडून अक्षम्य... म्हादू, खुर्ची हाड! खुर्ची! चौघे जाणे येवा रे!"

काकीला उचललं होतं तीच खुर्ची आली. चौघांनी कंबर कसली. साहेब दोन पावलं मागं सरकले. "नाही नाही, मला उचलू नका. मला ते... बरं नाही वाटत. मी चालतो."

"साहेब, चिखल आहे!"

"असू दे. पण उचलू नका."

काकी मागून काठी टेकत आली होती. ती हलकेच म्हणाली, "तुमका उचललेला आवडाक नाय मां, सायबानू? माकाय आवडणा नाय."

एवढंच. साहेबांनी तिच्या काठीकडं बघितलं, पायाकडं बघितलं, मग खुर्चीकडं. मला वाटतं, त्यांना तेव्हाच सगळं कळलं. पण बूट काढायला ते विसरले. पहिल्याच पावलाला पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि बाहेर आला तो बुटाशिवाय. मी हात कोपरापर्यंत घालून बूट शोधला. बुटाऐवजी कालवाची शिंप हाताला लागली. त्यांच्या तळव्यालाही तशीच एक लागली. पुढं-मागं, पुढं-मागं असे आम्ही दोघं चाललो. मागं धक्क्यावर तात्या डोळ्यांवर हात धरून उभे.

अर्ध्या वाटेत साहेब थांबले. दम लागला होता. "हे रोज?" त्यांनी आमच्या बोलीत विचारलं.

"रोज."

"अन् बाया-लेकरं?"

"समदेच, साहेब. आजारी माणूससुदीक."

होडीपाशी, जिथं पाण्याची कड लागते तिथं पोचल्यावर त्यांनी माझ्या हातातला होडी ढकलायचा बांबू मागितला. "हा इथं रोवा. घट्ट. ह्याच्याहून मागं पाणी कधी जातं का?"

"नाही. ही पुनवेची सुकती. ह्याच्या पलीकडं धारच."

"मग धक्का इथपर्यंत यायला पाहिजे." त्यांनी त्या बांबूचा आणि मागं लांब राहिलेल्या धक्क्याचा एकच फोटो काढला. स्वतःच्या अनवाणी पायाचाही काढला. तो कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

त्या संध्याकाळपासून तात्या काकीशी बोलेनासे झाले. "सायबाक जेवान घालून चिकलात बुडवल्यान," एवढंच वाक्य जुवाभर. देवचाराला माफीचा नारळ दिला. साहेबांना नवे बूट पाठवावेत का, यावर समितीची बैठक झाली आणि मापावरून भांडण झालं. काकी शांत. "मी काय केलंय? जेवाकच घातलंय मां?"

मंजुरी आली. आली म्हणजे यायला काळ लागला, पण आली. धक्का वाढवायचा, उतार करायचा, कडेला कठडा. पहिल्यांदा तात्याच काकीकडं सांगायला धावले आणि अबोला धरल्याचं दारात गेल्यावर आठवलं. मग दारातूनच म्हणाले, "मंजूर झाला म्हणान सांगा तिका." ती आतून म्हणाली, "आयकलंय म्हणान सांगा तेंका." मध्ये मी.

ठेकेदार आला, खांब रोवले गेले, काँक्रीट पुढं सरकायला लागलं. मी प्रत्येक फेरीला वळून बघायचो. मग पावसाळा आला म्हणून काम थांबलं. पावसाळा संपला तरी थांबलेलंच राहिलं. आज हे लिहितोय तेव्हा धक्का जुन्यापेक्षा बराच पुढं आहे, पण माझा बांबू त्याच्याही पुढं चिखलात उभा आहे. तो मी उपटलेला नाही. होडीला नवा तोडला. मधल्या तेवढ्या पट्ट्यात अजून पिशव्या डोक्यावर आणि चपला हातात. काकी अजून जुव्यावरच. रोज संध्याकाळी काठी टेकत नव्या काँक्रीटच्या टोकापर्यंत येते, बांबूकडं बघते आणि परत जाते. मुलगी म्हणते, तेवढ्या चालण्यानंच पाय थोडा मोकळा झालाय. मलाही तसं वाटतं, की वाटून घेतो, कळत नाही.

आता ऐका. उरलेलं काम का थांबलं ते बघायला दिवाळीनंतर दुसरे मोठे साहेब येणार आहेत. परवा शाळेत बैठक झाली. मला वाटलं, आता तरी शहाणपण आलं असेल. तात्या उभे राहिले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "मागच्या खेपेक सायबाचे मोठे हाल झाले. असा परत होता नये. म्हणान ह्या सायबाक भरतीच्या वेळेक हाडूया."

आणि सगळे म्हणाले, बरोबर.

मी हात जोडले. मी ओरडलो. मी माझी शपथ घातली, आईची घातली. कुणी ऐकेना. वर तात्याच माझ्याकडं वळून, "म्हादू, त्या दिवशी भरती कितक्या वाजता?" मी खरी वेळ सांगितली. दुसरं काय करणार?

तणतणत घरी आलो आणि काकीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाली, "तरी आयकत नाय ते. म्हादू, तीथ खंयची त्या दिवशी?"

"अवस."

"म्हणजे सुकती मोठी."

"मोठीच."

तिनं अंगणात चरणाऱ्या कोंबड्यांकडं बघितलं. "मोठो सायब म्हणजे सावकाश जेवणारो असतलो," म्हणाली.

काकीनं मला एकदा सांगितलं होतं की तिला माझा गाव बघायचा आहे. "जंय चिकलच नाय, असो गाव माका बघूचो आसा. कशी रे चलतत माणसां थंय?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण आई परवा फोनवर म्हणाली, त्यांना एकदा घेऊन ये, आम्ही नुसतं किती दिवस कानानंच भेटायचं?

माझ्याकडून काकीचं काय फिटणार? तरी इथं छापून येईल अशा जागी लिहून ठेवतो. धक्का माझ्या बांबूला लागला की काकी आपल्या पायानं होडीत चढेल. हात मागितला तर देईन, नाही मागितला तर खिशात ठेवीन. त्या दिवशी तरीवर दुसरा माणूस लावीन आणि तिला आष्टीला नेईन. आमच्या बांधावरून, कोरड्या मातीतून तिला हवं तितकं लांब चालवीन. आणि घरी आल्यावर आई तिच्या पायांवर तांब्याभर पाणी घालेल. टँकरचं असलं तरी.